जुनी वाट बंद करण्याबाबत

श्यामसुंदर इंगोलेच्या घरी रोज सकाळी दोन दूधवाले दूध टाकतात. पहिला लग्नानंतर लावलेला. त्याचं दूध पातळ यायला लागलं तेव्हा उत्कर्षाने दुसरा लावला आणि पहिल्याला "उद्यापासून नको" एवढं सांगायचं काम नवऱ्यावर सोपवलं. तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती सातवीत आहे. वारज्याच्या त्या सोसायटीत इंगोल्यांकडचं पनीर प्रसिद्ध आहे, पण ते कशामुळे बनतं हे कोणी विचारत नाही.

हा माणूस मूळचा वाशीमकडचा. शिकायला पुण्यात आला, नोकरीला लागला आणि राहिला. इतक्या वर्षांत बोलण्यातली वऱ्हाडी बरीचशी गेली. फार घाबरला की तेवढं 'का'च्या जागी 'काऊन' येतं. उत्कर्षा जन्माने पुण्याची असल्यामुळे तिला ते आवडतं, म्हणजे त्यावर बोलायला आवडतं. दिवसा तो एका आयटी कंपनीत पोटापाण्याचं काम करतो आणि उरलेल्या वेळात 'पारा' सांभाळतो.

'पारा' निघाला भांडणातून. पूर्वीच्या एका ऑफिसात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद असतो असं श्यामसुंदरचं म्हणणं होतं, आणि चालू असतो असं एसीच्या कंत्राटदाराचं. दोघेही ठाम होते; कंत्राटदार पैसे घेऊन ठाम होता. शेवटी श्यामसुंदरने एक स्वस्तातला सेन्सर आणला आणि त्याच्याकडून तापमान वाचून घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एसी बंदच निघाला. कंत्राटदार बदलण्यात आला, नव्या कंत्राटदाराने एसी बंदच ठेवला. प्रोग्रॅम मात्र टिकला. श्यामसुंदरने तो 'पारा' या नावाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करून टाकला: कोणीही घ्यावा, आपल्या यंत्रात जोडावा, बदलावा, पैसे द्यायचे नाहीत. पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर जगभरातून तक्रारी यायला लागल्या.

आता, लिहिलेला कोड म्हणजे नुसता मजकूर असतो. त्यातून चालणारा प्रोग्रॅम घडवायचं काम 'बिल्ड टूल' नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर करतं. कोणत्या फाइली घ्यायच्या आणि त्या कशा जोडायच्या, हे त्याला एका यादीत लिहून द्यावं लागतं. हे टूलही दरवर्षी सुधारत जातं, आणि त्याची जुनी आवृत्ती ज्यांच्या कॉम्प्युटरवर आहे त्यांना नवी यादी वाचता येत नाही. अशांसाठी श्यामसुंदरने जुन्या पद्धतीची एक वेगळी यादी ठेवली होती. जुन्या टूलला न झेपणाऱ्या काही फाइलींच्या त्याला झेपतील अशा नकलाही करून ठेवल्या होत्या, 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये. ही जुनी वाट. वहिवाट असेल तर रस्ता बंद करता येत नाही, हा जमिनीचा नियम तो कॉम्प्युटरलाही लावत आला होता.

जुनी वाट बंद करायची मागणी ऋतुजा गायकवाडची. ती खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढली. वडील संरक्षण खात्यात नोकरीला असल्यामुळे घरात प्रत्येक वस्तूला मुदत. कुकरची रिंगसुद्धा तारीख बघून बदलायची. 'पारा'त ती तीन वर्षांपूर्वी आली, एक चूक दुरुस्त करण्याच्या निमित्ताने. ती चूक अस्सल पुणेरी हवेतली होती. इथे बसून लिहिणाऱ्याला शून्याखालचं तापमान म्हणजे वायर निसटल्याची खूण वाटली, म्हणून तसा आकडा आला की 'पारा' तो खोटा मानून त्याऐवजी आधीच्या खऱ्या आकड्यांची सरासरी दाखवायचा. माणसाला उगाच रिकामी चौकट दाखवून घाबरवू नये, हा हेतू. मग लेहमधल्या एका गृहस्थाने कळवलं की त्याच्या खोलीत जानेवारीत रात्रंदिवस सात अंश असतात, आणि हे वाचून बरं वाटत असलं तरी पटत नाही. ऋतुजाने ते नीट करून पाठवलं. श्यामसुंदरने पाहिलं, नवी वाट आणि जुनी वाट अशा दोन्ही वाटांनी प्रोग्रॅम घडतोय अशा दोन हिरव्या खुणा दिसल्या, आणि त्याने दुरुस्ती स्वीकारली. तेव्हापासून 'पारा'चं निम्म्याहून जास्त काम तीच करते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त जुन्या वाटेपायी.

"पुढच्या आवृत्तीपासून जुनी वाट बंद करू या," असं तिने जानेवारीत लिहिलं.

"बघू," श्यामसुंदरने लिहिलं.

फेब्रुवारीत तिने पुन्हा लिहिलं. तेव्हा त्याने 'पारा'च्या पानावर सूचना लावली: जुन्या टूलचा आधार बंद करण्याचा विचार आहे, कोणाची अडचण होत असल्यास कळवावे. दोन महिने कोणी काही कळवलं नाही. एप्रिल संपता संपता, तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये असताना, फोन आला.

"इंगोले साहेब का? पोपट काळभोर बोलतोय, लोणी काळभोरहून. तुमी काय ते बंद करायला निघालाय?"

"अजून ठरलेलं नाही हो."

"ठरवू बी नका. माझ्या लशींच्या फ्रिजला तुमचंच हाय."

पोपटरावांचं जनावरांच्या औषधांचं आणि लशींचं दुकान. लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते. तापली तर ती हळूहळू मरते, गोठली तर लगेच, आणि मेलेली लस वरवर पाहून सहसा ओळखू येत नाही. म्हणून त्यांच्या पुतण्याने, शंभूने, 'पारा' घालून एक छोटा डबा बनवला होता. फ्रिजला चिकटवायचा, आकडा दाखवतो आणि बिघडलं की वाजतो. डबा चांगला निघाला म्हणून पोपटरावांनी आसपासच्या दवाखान्यांना आणि मोठ्या गोठ्यांनाही दिला. पुढे शंभू परदेशी गेला. दुकानात राहिला एक कॉम्प्युटर, जो डबे ताजे करताना इंटरनेटवरून 'पारा'ची नवी आवृत्ती उतरवतो, आपल्याजवळच्या जुन्या टूलने घडवतो आणि डब्यात भरतो. सूचना शंभूनेच तिकडून वाचली होती. स्वतः काही करण्याऐवजी त्याने काकांना नंबर दिला.

"ते टूल नवीन नाही का घालता येणार?" श्यामसुंदरने विचारून पाहिलं.

"शंभू म्हणला, काका, याला हात लावायचा न्हाई. आमी दसऱ्याला हळदी-कुंकू सोडून काय लावलं न्हाई. आन् आता घटसर्पाच्या लशी चालू होतील, पावसाच्या आत सगळी जनावरं टोचायची. ह्या टायमाला काय करू नका, साहेब. पाया पडतो."

लिफ्ट तळमजल्यावर उभी होती आणि लोक श्यामसुंदरला ओलांडून आत येत होते. त्याच्या डोक्यात साखळी पक्की बसली. जुनी वाट बंद, की डबे बंद. डबे बंद, की लशीचा भरवसा नाही. आणि पावसाळ्यात घटसर्प आला की गोठ्यात जनावरं आडवी. हे सगळं वारज्यात बसून एका बटणाने करणारा माणूस तो स्वतः.

त्याने ऋतुजाला पोपटरावांबद्दल कळवलं आणि खाली लिहिलं, "बघू."

मे महिन्यात ऋतुजाचं उत्तर आलं तेही फोनवर, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. 'पारा'ची चाचणी ज्या फुकटच्या सेवेवर व्हायची, त्या सेवेने जुनं टूल असलेलं मशीन काढून टाकलं होतं. आता जुन्या वाटेला हिरवी खूण मिळायची सोयच राहिली नव्हती.

"दादा, जुनी वाट चालते हे आता कशाच्या आधारावर म्हणायचं?"

"आजवर चालत आली आहे की."

"हे प्रत्येक बिल्डिंगबद्दल ती पडेपर्यंत म्हणता येतं."

"पण ते पोपटराव..."

"ऐका. रविवारी आवृत्ती काढायची आहे. जुन्या वाटेसकट काढायची असेल तर तुम्ही एकट्याने काढा, आणि पुढच्याही एकट्याने काढा. मी रागावलेली नाही. रागावले असते तर भांडले असते."

श्यामसुंदरला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. ती गेली तर 'पारा' वर्षभरात बंद पडेल, हे त्याला माहीत होतं. तिला थांबवायचं तर पोपटरावांना सोडायचं. असल्या वेळी तो जे नेहमी करतो तेच त्याने केलं, म्हणजे निर्णयाच्या जागी एक भेट ठरवली.

"शनिवारी लोणी काळभोरला जाऊन येऊ. प्रत्यक्ष बघू. मग ठरवू."

"एका वापरणाऱ्याच्या घरी आपण प्रत्यक्ष जाणार? उद्या फिनलंडवाल्याने बोलावलं तर?"

"फिनलंडला गाडी जात नाही."

शनिवारी सकाळी तो बूट घालत असताना उत्कर्षाने विचारलं, "कुठे निघालास?"

"लोणी काळभोरला. एकांच्या दुकानात."

"कोण आहेत?"

"ओळख नाही अजून."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "ओळखीच्यांसाठी तुला वेळ कुठे असतो."

ऋतुजा लोकलने पुणे स्टेशनला आली होती. तिथून ती गाडीत बसली. हडपसर मागे पडेपर्यंत दोघेही ट्रकच्या मागच्या बाजू वाचत होते. ऊन असं होतं की एसी पूर्ण सोडूनही काचा हाताला गरम लागत होत्या.

"तिथे गेल्यावर नक्की काय ठरवणार आहात?" तिने विचारलं.

"बघू."

"तो शब्द गाडीतच ठेवून उतरा, प्लीज."

दुकान महामार्गाला लागूनच होतं. पोपटराव पांढऱ्या शर्टात, कपाळावर बुक्का, दारापर्यंत आले. "या, साहेब. या, मॅडम. एवढ्या उन्हाचं आलात, लई बरं वाटलं." खुर्च्या पुसल्या गेल्या. मागच्या खोलीत, टेबलावर, तो कॉम्प्युटर होता. पडद्याच्या कडेला कुंकवाची बोटं, कळफलकाच्या फटीत हळद. शेजारी लशींचा उंच फ्रिज, आणि त्याच्या दारावर पोपटरावांनी स्वतः लिहून चिकटवलेला कागद: 'फ्रिजमध्ये लस सोडून काही ठेवू नये.' त्याखाली डबा. डब्यावर हिरव्या अक्षरांत आकडा होता, चार पूर्णांक एक.

"बघा," पोपटराव म्हणाले, आपला मुलगा पहिला आल्यासारखे. "एवढा उन्हाळा हाय, म्हणून मी नॉब फुल करून ठिवलाय. तरी कसा स्थिर हाय बघा. परवाधरनं हाललेला न्हाई."

ऋतुजाने मान वर केली. "अजिबात नाही?"

"दाणाभर न्हाई. मधी जरासा वाजला होता. मी म्हणलं आता काय झालं. पर लगेच आपोआप गप झाला. तवापासून चार पॉइंट एक."

"दार उघडल्यावर पण नाही हलत?"

"न्हाई म्हणतोय ना. लई भारी चीज बनवलीय साहेबांनी." पोपटरावांनी दार उघडलं. "थांबा, गार पाणी देतो."

कागदावर काय लिहिलं होतं याचा कोणालाच त्रास झाला नाही. पोपटरावांनी लशीच्या खोक्यांमागे हात घालून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ग्लासावर तिरकी धरली. पाणी आलं नाही. त्यांनी ती आणखी तिरकी केली. मग उलटी. मग टेबलावर आपटली. आवाज दगडाचा आला.

"जरा जास्तीच गार झालंय," ते म्हणाले.

डब्यावर चार पूर्णांक एक होतं.

ऋतुजाने ग्लास बाजूला सरकवला आणि न विचारता कॉम्प्युटरसमोर बसली. दसऱ्यापासून त्याला माणसाचं बोट लागलेलं हे पहिलंच असावं. तिने 'पारा' उतरवला होता तो फोल्डर उघडला, यादी उघडली, यादीतल्या नावांवरून बोट खाली नेत नेत एका नावापाशी थांबली. ते नाव 'जुने' या फोल्डरमधल्या फाइलीचं होतं. तिने ती उघडली.

"दादा, इकडे या."

श्यामसुंदर उठला नाही. तिथूनही त्याला दिसलं असतं, कारण त्या फाइलीत काय आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं. शून्याखालचा आकडा आला तर खोटा धरा. आधीच्यांची सरासरी दाखवा.

"हे मी काढून टाकलं होतं," ऋतुजा म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी. माझं पहिलं काम होतं हे."

"हो."

"मग हे इथे काय करतंय?"

"ती नक्कल आहे. जुन्या टूलसाठी करून ठेवलेली. तू मूळ फाइल दुरुस्त केलीस. ही..." त्याने प्यायला ग्लास उचलला, आणि पाणी तर दगड होऊन बसलं होतं. "मी बघितलं काऊन नाही? दोन्ही खुणा हिरव्या होत्या."

"घडत होतं ना ते. चुकीची फाइल घेऊन, व्यवस्थित घडत होतं."

"मला मराठीत सांगा," पोपटराव म्हणाले.

श्यामसुंदरने सांगितलं. फ्रिज गोठायला लागला तेव्हा डबा वाजला, ते बरोबर होतं. मग तापमान शून्याच्या खाली गेलं आणि डब्याला वाटलं की वायर निघाली. तेव्हापासून तो जुन्या आकड्यांची सरासरी दाखवतोय. ही खोड तीन वर्षांपूर्वीच काढली आहे.

"कुणाच्या डब्यांची?"

"सगळ्यांच्या. तुमचे सोडून."

"आमचे का सोडले?"

"तुमची वाट वेगळी ठेवली होती. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

पोपटरावांनी बाटलीकडे पाहिलं, मग श्यामसुंदरकडे. "लई उपकार झाले," ते म्हणाले.

त्यांनी फ्रिजमधून एक लशीची बाटली काढली, मुठीत धरून पुष्कळ वेळ ऊब दिली, हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत पिठाच्या गुठळ्यांसारखं काही तरी गटागटाने खाली बसत होतं. चांगली लस अशी बसत नाही, हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी ती बाटली हळूच टेबलावर ठेवली, फुटेल असं वाटल्यासारखी.

"हितली सगळी गेली. ती जाऊ द्या." त्यांचा आवाज खाली गेला होता. "काल सांजच्याला ह्याच फ्रिजातली एक पेटी डॉक्टरला दिलीय. सोमवारी शिबिर हाय त्येंच्या गावात. आन् डबे माझे तालुकाभर हायेत. ह्या उन्हात सगळ्यांनी नॉब फुल केलं असंल. मी केलं म्हणल्यावर त्येंनी बी केलंच असंल."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. मग दुसऱ्याला लावला, एका गोठेवाल्याला, आणि तो उचलताच ओरडले, "दादा, लशीच्या फ्रिजमधी पाण्याची बाटली हाय का? हाय का न्हाई ते सांग, ठिवायची का न्हाई ते मागनं बोलू. हाय ना? काढ. पाणी हाय का बर्फ?"

पलीकडे पाणी होतं. पुढच्याकडेही पाणी. तिसऱ्याने आपण नियम पाळतो, फ्रिजमध्ये बाटली ठेवत नाही असं सांगितलं, आणि पोपटरावांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळल्याबद्दल झापलं. चौथ्याकडे बर्फ निघाला. पोपटराव भिंतीला टेकले. "फेकून दे. न्हाई, आकडा बघू नको. आकडा चांगलाच असणार. फेक."

मधे मधे ते डॉक्टरांना लावत होते. डॉक्टर उचलत नव्हते.

ऋतुजा तोपर्यंत त्या नकलेत आपली तीन वर्षांपूर्वीची दुरुस्ती बसवत होती. तेवढ्यात तिने मागे वळून न पाहता विचारलं, "ही आवृत्ती आज काढू, उद्या नको. डबे यावरच ताजे करता येतील. पण त्यानंतर?"

श्यामसुंदरला गाडीत ठेवून आलेला शब्द आठवला नाही.

"ही जुन्या वाटेची शेवटची," तो म्हणाला. "त्यानंतर बंद."

पोपटरावांनी कानाचा फोन खाली घेतला. "बंद? माझ्यासमोर हे असं झालं, आन् तुमी माझ्याच दुकानात बसून बंद म्हणताय?"

"हो."

"मी पाया पडलो होतो तुमच्या. फोनवर."

"म्हणूनच ठेवली." श्यामसुंदर उभा राहिला. असं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "तीन वर्षांपूर्वी बंद केली असती तर तुमचा हा कॉम्प्युटर त्याच दिवशी अडला असता. पडद्यावर लाल अक्षरं आली असती. तुम्ही मला फोन करून शिव्या दिल्या असत्या, शंभूला झोपेतून उठवलं असतं, आणि आठवड्याभरात त्याने हे टूल बदललं असतं. डबे नीट झाले असते."

"आन् त्या शिव्या खायच्या न्हवत्या."

"नव्हत्या."

"म्हणून तुमी माझं चालू ठिवलं."

"चालू नव्हतं ते, पोपटराव. चालू दिसत होतं."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांचा होता. पोपटरावांनी तो लाउडस्पीकरवर टाकला. डॉक्टर एका वस्तीवर होते आणि मागे म्हशी ओरडत होत्या. ते मजेत होते. सोमवारी गर्दी होईल म्हणून आजच निम्मं काम उरकावं असं त्यांनी ठरवलं होतं.

"किती टोचली?" पोपटरावांनी विचारलं.

"एक गोठा झाला, दुसऱ्यात शिरतोय. का हो?"

"शिरू नका. भाईर या. पेटी बंद करा." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. डॉक्टरांचा मजेतला सूर गेला होता. झालेला गोठा पुन्हा टोचावा लागणार, त्या माणसाला काय सांगायचं, आणि सोमवारच्या शिबिराला लस कुठून आणायची, असे प्रश्न एकामागून एक त्या छोट्या खोलीत येत होते. पोपटराव प्रत्येकाला "हां" म्हणत होते. "गोठेवाल्याला माझं नाव सांगा," ते शेवटी म्हणाले. "म्हणावं, पोपटनं खराब माल दिला." आणि फोन ठेवला.

श्यामसुंदर म्हणाला, "माझं नाव सांगायचं."

"तुमाला कोण वळखतंय हितं?"

दुपार कलेपर्यंत नवी आवृत्ती निघाली. पोपटरावांच्या कॉम्प्युटरने ती उतरवली आणि जुन्या वाटेने शेवटचं घडवून डब्यात भरली. डब्यावर उणे तीन आलं आणि तो जो वाजायला लागला तो नॉब कमी करून, दार उघडं ठेवूनही बराच वेळ वाजत राहिला. कोणी तो बंद केला नाही. ऋतुजाने शंभूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती. शंभूने प्रथम काकांना, मग ऋतुजाला आणि मग कारण नसताना आपल्या बायकोला ऐकवलं, आणि येत्या आठवड्यात दुरून बसून कॉम्प्युटरवर नवं टूल घालून देतो असं कबूल केलं. हे काम जेमतेम अर्ध्या तासाचं आहे, असंही तो म्हणाला. यावर पोपटरावांनी पुतण्याकडे जसं पाहिलं, ते इतक्या अंतरावरूनही त्याला लागलं असावं.

निघताना पोपटराव दारापर्यंत आले. "साहेब, तुमचं म्हणणं मला पटलंय," ते म्हणाले. "पर आज मी तुमाला चहा विचारणार न्हाई."

"बरोबर आहे," श्यामसुंदर म्हणाला.

जूनच्या सुरुवातीला डबे सगळे ताजे झाले. त्या गोठ्यात दुसऱ्यांदा टोचणी झाली आणि मालकाने डॉक्टरांना दुसऱ्यांदा पैसे द्यायला नकार दिला, ते पोपटरावांनी मुकाट्याने भरले. शिबिर आठवडाभर पुढे गेलं. मग एका शनिवारी श्यामसुंदरने जुनी यादी आणि 'जुने' हे फोल्डर काढून टाकलं. त्या जागी एवढीच सोय ठेवली की जुनं टूल दिसलं तर काम तिथेच थांबेल आणि पडद्यावर सूचना येईल. सूचना त्याने स्वतः लिहिली. तिच्यात दिलगिरी होती, विनंती होती, 'शक्य झाल्यास' दोनदा होतं आणि शेवटी आभार होते.

ऋतुजाने तिचं एक वाक्य केलं: हे टूल जुने आहे, इथून पुढे जाता येणार नाही.

"फार उद्धट वाटत नाही?" त्याने विचारलं.

"वाटतं," ती म्हणाली. "म्हणून वाचतील."

आवृत्ती निघाली. संध्याकाळी स्वयंपाकघरातून उत्कर्षाने हाक मारली, आणि तो "आलो" म्हणून बसूनच राहिला. पानावर पहिला निरोप आला होता. ब्राझीलमधला कोणी होता, त्याचं काम सकाळपासून अडलं होतं, आणि त्याने पोर्तुगीजमध्ये लांबलचक शिव्या दिल्या होत्या. श्यामसुंदरने त्यांचं भाषांतर करून घेतलं. ते नीट झालं नसावं अशी शंका आली म्हणून दुसरीकडून करून घेतलं. दुसरं जास्त अचूक होतं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, आणि मग त्या माणसाला विचारलं की आपण कशाचं तापमान मोजता, आणि ते कधी शून्याखाली जातं का.